जावळ न काढलेलं पोरगं

माझ्या मोठ्या पोराच्या डोक्याला अडीच वर्षं कात्री लागली नव्हती. यात देवीचा काही दोष नव्हता, आमचाच होता. आमच्या घरची रीत अशी की पहिलं जावळ माहूरला, रेणुकेच्या पायाशीच निघतं. तोवर केसाला कात्री नाही की वस्तरा नाही. पहिल्या वर्षी जायचं ठरलं तर सासरे गेले, मग वर्षभर शुभकार्य बंद. दुसरं वर्ष सम, आणि सम वर्षात जावळ काढत नाहीत. तिसरं लागलं तेव्हा मी आठव्या महिन्यात, पोट पुढे घेऊन फिरत होते. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी बाईच्या लेकराच्या डोक्याले हात लावत नाहीत. तुह्यं बाळंतपण होऊ दे, मंग जाऊ सगळेच." झालं बाळंतपण. मुलगी झाली. आता ती एवढीशी, तिला घेऊन रायपूरहून माहूरपर्यंत कोण हिंडणार? म्हणून अजून थांबा.

इकडे पोराचे केस पाठीवर आले. डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून मी रोज त्याच्या दोन शेंड्या घालायची, लाल-पिवळी रबरं लावायची. खरं सांगू का, मला आवडायचं ते. रस्त्यात लोक विचारायचे, "बिटिया कितने साल की है?" सुरुवातीला मी थांबून सांगायची, बेटा आहे, मुंडन बाकी आहे, आमच्यात असं असतं, तसं असतं. मग कंटाळा आला. नुसतं "ढाई साल" म्हणायची आणि पुढे व्हायची. कोणाकोणाला सांगत बसायचं?

ही गोष्ट मागच्या थंडीतली. लेक पाच महिन्यांची झाली होती, आणि त्या पाच महिन्यांत मी तात्यापाऱ्यातल्या घरातून बाहेर पडले ती फक्त समता कॉलोनीच्या दवाखान्यात तिला सुई टोचून आणायला. नवरा सकाळी नऊला नवा रायपूरला ऑफिसात जातो, तो संध्याकाळी सातला उगवतो. मधला सगळा वेळ मी, दोन लेकरं, आणि गुडघे धरून बसलेल्या सासूबाई. त्या दिवशी तर कहर झाला. एक झोपलं की दुसरं उठायचं, जसं काही दोघांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. दुपारी दोन वाजता मी वरणाच्या भांड्यासमोर उभी राहून रडले. मग डोळे पुसले आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, मी दोघांले घेऊन तेलीबांध्याले जाऊन येतो. तलावावर. हवा खायले."

"एकटी?" त्या बसल्या जागी ताठ झाल्या. "दोघायले घेऊन? डोकं-बिकं फिरलं का तुह्यं?"

"तुमच्या काळात नव्हत्या का जात बाया लेकरं घेऊन?"

"जात होत्या ना. पण एकट्या नव्हत्या जात. चार जणी संगं राहत होत्या. एकीनं धरलं की दुसरी मोकळी."

बोलणं खरं होतं, म्हणूनच माझा तिळपापड झाला. मी म्हटलं, चार जणी आता आणू कुठून? जिच्या-तिच्या घरी जिचं-तिचं आहे. "मले नाही होत आता घरात," मी म्हटलं, "भिंती पाहून पाहून येड लागून राहिलं मले." त्यावर त्या हात जोडून म्हणाल्या, "जाय बापा, जाय. माह्यं कोण आयकते इथं!" तरी उठल्या. कण्हत-कुंथत देव्हाऱ्याशी जाऊन काजळाची डबी आणली, दोघांच्या गालाला तीट लावली आणि पोराच्या मनगटातली काळ्या मण्यांची मनगटी नीट आहे का ते ओढून पाहिलं.

दोन तास बाहेर राहायचं म्हणून निघायला मला सव्वा तास लागला, यावर आजही माझा विश्वास बसत नाही. लेकीचे लंगोट, लेकीचे तीन जोड कपडे, दुपटी, ओले रुमाल, गरम पाण्याचा थर्मास, पोराची बाटली, पोराची बिस्किटं, पोराचा तो एक कान तुटलेला ससा, ज्याच्याशिवाय पृथ्वी फिरत नाही. सगळं भरून दाराशी आले तर लेकीने दूध उलटलं, परत आत. परत दाराशी आले तर पोराला शू. परत आत. लेकीला छातीशी बांधायचा एक पट्टा मी ऑनलाइन मागवला होता. त्यात तिला बसवली, बक्कल लावली आणि आरशात पाहिलं तर मीच दचकले. सासूबाई म्हणाल्या, "माकडीण दिसून राहिली."

ई-रिक्षात बसले आणि मला धक्क्यावर धक्के बसायला लागले. म्हणजे रस्त्याचे नाही, माणसांचे. शेजारी बसलेल्या बाईने मला न विचारता लेकीची टोपी कानापर्यंत ओढली. पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून म्हणाला, "इतनी ठंड में बच्चे को कौन निकालता है?" ऊन पाठ भाजत होतं, ठंड कुठली! रिक्षावाला भैया सिग्नलला मागे पाहून विचारतो, दूध अपना देती हो की डब्बेका? मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. नाही, तो उत्तराची वाट पाहत होता. मी म्हटलं, "भैया, सामने देखो." पोरगा मात्र खुश. त्याने पूर्ण रस्ताभर माझ्या मोबाइलवर बडबडगीतं पाहिली, आणि तेलीबांधा येता येता मोबाइलची बॅटरी संपली. मी म्हटलं, मरू दे. तासाभराचा तर प्रश्न आहे.

तलावावर पोचले आणि खरंच जीव थंड झाला. चार-साडेचारचं ऊन, पाण्यावरून येणारा वारा, चालणारी माणसं, कॉलेजची पोरं-पोरी जोड्या-जोड्यांनी बसलेली. कोणी मला ओळखत नव्हतं, कोणी मला काही मागत नव्हतं. पोरगा माझं बोट धरून टुणूटुणू चालला. मी त्याला कुल्फी घेऊन दिली. जिंकल्यासारखं वाटत होतं मला. घरी गेल्यावर सासूबाईंना काय काय ऐकवायचं, ते मनात जुळवतसुद्धा होते.

अर्धी कुल्फी तोंडात गेली, अर्धी शर्टावर. निळा शर्ट छातीपासून पोटापर्यंत ओला गच्च. वारा गार झाला होता, ओल्या कपड्यात ठेवलं तर रात्री छाती भरेल. बॅगेत हात घातला तर लेकीचे तीन जोड, आणि पोराचा? एक नाही. मी स्वतःला शिव्या घातल्या. बॅगेच्या तळाशी नणंदेच्या मुलीचा एक गुलाबी फ्रॉक निघाला. लेक मोठी झाली की होईल म्हणून नणंदेने दिला होता, तो तसाच तिथे पडून. ओला शर्ट काढून मी माझ्या त्या पट्ट्यात खोचला, आणि पोराला फ्रॉक घातला. खाली त्याची पँट, वर गुलाबी झालरीचा फ्रॉक, दोन शेंड्या, गालाला तीट. तो गोल गोल फिरून झालर पाहायला लागला. मी इतकी हसले की छातीवरची लेक हिंदकळून जागी झाली.

जागी झाली आणि तिने शी केली. साधी नाही, पाठीपर्यंत. ज्यांनी लेकरं वाढवली त्यांना सांगायला नको. मी एका बाकावर दुपटं पसरलं, तिला पट्ट्यातून सोडवलं. पट्टा रिकामा माझ्या कमरेला लोंबकळत राहिला. पोराला शेजारी बसवलं, हातात बिस्किट दिलं, म्हटलं, "इथून हलू नको हं राजा." त्याने मान हलवली. मग मी लेकीकडे वळले. पाय धर, पुस, लंगोट काढ, ती लाथा मारते, रुमाल वाऱ्याने उडतो, तो धर. किती वेळ? दोन मिनिटं. तीन म्हणा. मधे एकदा मी त्याच्याशी बोललेसुद्धा, "झालंच हं," असं काहीतरी. त्याचं उत्तर आलं नाही.

मान वळवली. बाकावर ससा होता. पोरगा नव्हता.

आधी काहीच वाटलं नाही. मी बाकाखाली पाहिलं. बाकामागे पाहिलं. मग पुढे पाहिलं तर पाणी. एवढा वेळ जे पाणी मला छान वाटत होतं तेच. मी अर्धवट उघड्या लेकीला उचलली, बॅग, थर्मास, सगळं तिथेच टाकलं आणि पळत सुटले. त्याच्या नावाने हाका मारत. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटत होता.

"क्या हुआ दीदी?" बाकावरची एक पोरगी उठली. "मेरा लड़का," मी म्हटलं, "लड़का! ढाई साल का! नीली शर्ट!" ती आणि तिच्यासोबतचा मुलगा लगेच पळाले. आणखी चार-सहा जण उठले. चालायला आलेले दोन काका थांबले. मी प्रत्येकाला तेच सांगत होते. लड़का, ढाई साल, नीली शर्ट. एकाने विचारलं, फोटो आहे का? मी मोबाइल काढला, काळाठिक्कर. मला तो पाण्यात फेकून द्यावासा वाटला. माणसं फार चांगली होती हो. मला त्या दिवशी याचाही धक्का बसला, की कोण कुठली माणसं, आणि अशी पळतात! जिथे तिथे लोक वाकून वाकून निळा शर्ट शोधत होते. कोणीतरी भोंग्यावरून सांगायलाही लागलं, "एक लड़का गुम हुआ है, उम्र ढाई साल, नीली शर्ट पहने हुए." पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी एक तरुण मुलगा बूट काढून बसला होता, पाण्यात टक लावून. त्याने बूट का काढले ते माझ्या लक्षात आलं आणि माझ्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं.

तेवढ्यात समोरून चौकीदार पळत आला. शिट्टी गळ्यात, धापा टाकत. "दीदी, उधर चनेवाली के पास एक बच्ची बैठी है. रो रही है. आपकी तो नहीं?"

"बच्ची नहीं भैया!" मी त्याच्या अंगावर ओरडले. "लड़का! लड़का! कितनी बार बोलूँ?"

"अच्छा-अच्छा," तो बिचारा मागे सरला. "मैंने सोचा देख लो एक बार."

काय बघू? कोणाची तरी मुलगी होती, सापडली होती, चणे खात बसली होती. मला त्या मुलीचा राग आला. हो, खरं तेच सांगते आहे. माझं लेकरू पाण्यात असेल नाहीतर कोणाच्या गाडीत असेल, आणि यांना दुसऱ्याचीच पोर सापडते. मी त्याच दिशेने पळाले, पण शोधायचं होतं पुढे, फाटकापाशी. चणेवालीच्या पाटीभोवती चार-पाच बाया उभ्या होत्या. त्यांच्या पायांतून गुलाबी काहीतरी दिसलं. रडणं ऐकू आलं. मी मान फिरवली आणि पळत पुढे गेले. तिथे थांबून मी एक क्षणही वाया घालवला नाही.

फाटकापाशीही नव्हता. फाटकाबाहेर रस्ता, गाड्या, ट्रक. लेक कडेवर भोकाड पसरून रडत होती, अंगात फक्त झबलं, पाय उघडे. चौकीदार माझ्यामागे आलाच होता. एवढी ओरडले होते मी त्याच्यावर, तरी. त्याने आपला फोन पुढे केला. "घर में किसी को बुला लो दीदी." मला एकच नंबर पाठ आहे, नवऱ्याचा. पहिल्या घंटीला उचलला.

"पोट्टा हरवला," मी म्हटलं. "तेलीबांध्याले. मी... मी फक्त लंगोट बदलून राहिली होती..."

तिकडून अगदी हळू आवाजात, "रडू नको. मी निघतो. पहिले सांग, त्याच्या अंगात काय होतं?"

"निळा शर्..." म्हणता म्हणता मी खाली पाहिलं. कमरेला लोंबकळणाऱ्या पट्ट्यात कुल्फीने चिकट झालेला निळा शर्ट खोचलेला होता.

माझ्या हातांनी मी तो काढला होता. माझ्या हातांनी मी त्याला फ्रॉक घातला होता. वीस मिनिटं झाली नव्हती. गोल फिरताना पाहून हसले होते मी! पण भीतीने डोक्यात जे पोरगं उभं राहिलं ते घरून निघालेलं, निळ्या शर्टातलं. आणि ते पोरगंसुद्धा फक्त माझ्याच डोक्यात पोरगं होतं. दोन शेंड्या घातलेल्या, काजळ लावलेल्या लेकराला जग काय म्हणणार? अख्ख्या तलावाला मी अशा मुलाला शोधायला लावलं होतं, जो तिथे कोणालाच दिसणं शक्य नव्हतं. चौकीदाराचा फोन मी त्याच्या हातात दिला की जमिनीवर टाकला, मला आठवत नाही.

चणेवालीने त्याला मांडीवर घेतलं होतं. पन्नाशीची बाई, हातभर बांगड्या, नाकात फुली. पोराच्या एका मुठीत उकडलेले चणे, डोळे रडून लाल. मी दोन्ही गुडघ्यांवर पडले आणि हात पसरले. "माझं सोनं ते, ये..."

तो आला नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून तिच्या खांद्यात घातलं.

तिनेही सोडलं नाही. उलट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "तैं तो बाबू ल खोजत रहेस," ती म्हणाली. "ये तो नोनी हे." इकडे मुलग्याला बाबू म्हणतात, मुलीला नोनी आणि आईला दाई, रायपुरात जन्म काढलेल्या मला ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "नहीं दाई, यही है," मी म्हटलं, "यही मेरा लड़का है."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "अभी तो बोल रही थी बच्ची नहीं है," एक म्हणाली. "चौकीदार पूछा तो चिल्लाई भी." दुसरी म्हणाली, "बच्ची तो इसके पास जा भी नहीं रही." मी त्यांच्या डोळ्यांतून स्वतःला पाहिलं. केस सुटलेले, ओढणी कुठे पडली पत्ता नाही, कडेवर उघडंवाघडं किंचाळणारं बाळ, हाताला शी लागलेली, आणि एका मुलीला माझा मुलगा म्हणते आहे. मागून कोणा माणसाने हळूच म्हटलेलं ऐकलं मी, "पुलिस को बुलाओ पहले." पोरं चोरणारी बाई वाटले मी त्यांना! स्वतःच्या पोराची! मी बोलायला गेले. मुंडन, माहूर, जावळ, कुल्फी, फ्रॉक, सगळं एकदमच तोंडातून बाहेर पडायला लागलं आणि त्यातलं एकही धड वाक्य झालं नाही.

चणेवालीने मला आपादमस्तक पाहिलं. मग फ्रॉकची झालर वर केली, पोराच्या पँटीचं इलॅस्टिक बोटाने पुढे ओढलं आणि आत डोकावली.

"ए दाई!" ती ओरडली. "ये तो बाबू ए!"

सगळे हसले. इतके हसले, की काही जण रडल्यासारखे हसले. पायऱ्यांवरचा तो मुलगा बूट हातात घेऊन आला, तोही हसला. चौकीदाराने कपाळावर हात मारला. कोणीतरी माझी बॅग, थर्मास आणि तो ससा आणून दिला. चणेवालीने पोराला माझ्या मांडीत ठेवलं, त्याच्या गालावरचं काजळ आपल्या पदराने पुसलं आणि मला म्हणाली, "चूंदी कटवा दे एखर." केस काप याचे. पैसे द्यायला गेले तर तिने माझा हात झटकला.

पोरगा माझ्या मांडीत बसला, पण लाकडासारखा. माझ्या गळ्यात हात टाकले नाहीत. मी समजले, घाबरला आहे. मुके घेतले, छातीशी दाबलं. त्याने मुठीतले चणे सोडले नाहीत.

नवरा यायला निघाला होता, त्याला चौकीदाराच्या फोनवरून सांगितलं, सापडला, आता सरळ घरी ये. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई दारातच. फ्रॉकातलं पोरगं, माझा अवतार पाहिला, आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी तिथेच उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. ठरवून आले होते की बोलल्या तर ऐकून घ्यायचं. म्हणोत, सांगितलं नव्हतं का, म्हणोत. त्यांनी एकच विचारलं, "पाण्याकडे गेलता काय?"

"नाही. चण्याच्या वासानं तिकडे गेला."

त्या आत गेल्या. शिवणाच्या मशीनच्या खणाचा आवाज आला. बाहेर आल्या तर हातात कात्री. मी म्हटलं, "आई, अवो काय करता? माहूर?"

"मायले मी सांगीन काय सांगायचं ते," त्या म्हणाल्या. "तिलेबी लेकरं आहेत. कोपली तं माह्यावर कोपन, मी बसली ना इथं म्हातारी." पोराला पाटावर बसवलं. दोन्ही शेंड्या रबरासकट मुळाशी कापल्या. कापून झाल्यावर धुतलेल्या रुमालात बांधल्या आणि देव्हाऱ्यात ठेवल्या. मग तिथेच बसून पदर डोळ्यांना लावला. आमच्या घराण्यात कोणी असं केलं नव्हतं. मीही त्यांच्याजवळ जाऊन बसले. आम्ही दोघी सासू-सुना एकमेकींना धरून कधी रडलो नव्हतो, त्या संध्याकाळी रडलो.

थोड्या वेळाने नवरा आला. बूटही न काढता आत. डोक्यावर ओबडधोबड केस उरलेल्या पोराला त्याने उचललं, छातीशी धरलं. मग त्याला घेऊन दिवाणावर बसला. मी लेकीला पाजत समोरच होते. जीव आता कुठे ठिकाणावर येत होता.

"कुठं गेला होता रे बाबू?" त्याने विचारलं.

"चने," पोरगा म्हणाला.

"चने खाल्ले? वा! रडला काय मंग?"

"हो."

"मंग आई आली घ्यायले, हो ना?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. "आई आली," तो म्हणाला. मग हात वर करून दाखवला, कसा केला होता ते. "असा हात केला. आई आई केलं. आई गेली."

"गेली नाही रे," नवरा हसून म्हणाला, "आली. आईच तं घेऊन आली तुले घरी."

त्याने मान हलवली. बापाला कळत नाही म्हणून समजावून सांगावं तसं म्हणाला, "आधी गेली."